टकरीचे क्रियापद

गेल्या सत्रातील गोष्ट. आमच्यापैकी एकजण साताऱ्यातील महाविद्यालयात मराठी शिकवतो, दुसरा सांगलीत. अभ्यासक्रमात ‘प्रसारमाध्यमांसाठी लेखन’ हा घटक दोन्हीकडे आहे आणि त्यासाठी विषय ठरवताना आम्ही एकमेकांशी बोलतो. या वेळी ठरले की कविता, दिवाळी अंक, गावाची जत्रा हे नेहमीचे विषय बाजूला ठेवायचे आणि विद्यार्थ्यांना थोडे अवघड काही द्यायचे. ‘अतिसूक्ष्म कण प्रचंड ऊर्जेने एकमेकांवर आदळले म्हणजे काय होते, हे सामान्य वाचकाला तीनशे शब्दांत सांगा.’ मुलामुलींनी ग्रंथालय पालथे घातले, जुन्या पुरवण्या काढल्या आणि मजकूर लिहून आणला. वाक्ये सुबक होती, शुद्धलेखन बरे होते. आम्ही मोकळ्या हाताने गुण दिले.

सांगलीच्या प्राध्यापक-कक्षात चहाच्या वेळी भौतिकशास्त्राच्या एका सहकाऱ्याने त्या गठ्ठ्यातला वरचा कागद सहज उचलून वाचला आणि पेन्सिलीने एका शब्दाभोवती गोल काढला. मग दुसरा कागद, तिसरा कागद, आणि प्रत्येकावर तोच गोल. शब्द होता ‘फोडणे’. ‘प्रोटॉन फोडला असता त्यातून सूक्ष्म कण बाहेर पडतात.’ ‘शास्त्रज्ञांनी कण फोडून त्यातील देवकण शोधला.’ सहकारी म्हणाले, “सर, बाकी सगळं ठीक आहे. एवढं एक क्रियापद चुकलंय. पण ते चुकल्यावर बाकीचं ठीक असून काय करायचं?”

आम्ही दोघांनी नंतर जुनी कात्रणे काढून पाहिली. चूक विद्यार्थ्यांची नव्हतीच. १० सप्टेंबर २००८ रोजी जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये प्रथम प्रोटॉनांचा झोत फिरवला गेला आणि ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज बोसॉन सापडल्याचे जाहीर झाले. या दोन्ही प्रसंगी मराठीत जे लिहिले गेले त्यात हे क्रियापद पानोपानी आहे. आम्हीही त्या वर्षांत वर्गात हेच बोललो असू. भाषा शिकवणाऱ्यांनी आपल्या अज्ञानाचा दोष पत्रकारांवर ढकलणे सोपे असते, म्हणून हे आधीच कबूल केलेले बरे.

आता प्रश्न असा की या क्रियापदाचे नेमके काय चुकले आहे. आमच्या सांगलीकडे उसाचे गुऱ्हाळ कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. ऊस चरकात जातो, एका बाजूने रस आणि दुसऱ्या बाजूने चिपाड निघते. रस उसात होता, चिपाडही उसात होते. चरकाने काही निर्माण केले नाही, होते ते वेगळे केले. ‘फोडणे’ हे क्रियापद याच जातीचे आहे. नारळ फोडला की खोबरे आणि पाणी, शेंग फोडली की दाणा. जे बाहेर आले ते आत होते, ही या क्रियापदाची मूक अट आहे. उच्च ऊर्जेच्या टकरीत नेमकी हीच अट मोडते. तिथे जे बाहेर येते ते आत नव्हते.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण १९५५ सालचे आहे. अमेरिकेत बर्कली येथे बेव्हाट्रॉन नावाच्या यंत्रात प्रोटॉनांना सुमारे ६.२ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा देऊन ते तांब्याच्या लक्ष्यावर आदळवले गेले. एमिलिओ सेग्रे, ओवेन चेंबरलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथे प्रतिप्रोटॉन सापडला. या टकरीचा हिशेब मांडून पाहावा. आदळण्यापूर्वी दोन प्रोटॉन. आदळल्यानंतर तीन प्रोटॉन आणि एक प्रतिप्रोटॉन. म्हणजे ज्यांना आपण ‘फोडले’ असे म्हणत होतो ते दोघे शाबूत, आणि शिवाय नवे दोन. नारळावर नारळ आपटला आणि दोन्ही नारळ न फुटता बाजूला आणखी दोन नारळ येऊन पडले, असे कोणी सांगितले तर आपण त्या गृहस्थाकडे संशयाने पाहू. पण निसर्गात हे घडते. नव्या दोघांचे वस्तुमान आले कुठून? गतीतून. आदळणाऱ्या प्रोटॉनची जी धाव होती ती धाव खर्ची पडली आणि तिचे वस्तुमान झाले. आइन्स्टाइनचे १९०५ सालचे समीकरण आपण सारे जण टी-शर्टांवर पाहतो. त्याचा हा रोजचा, रोकडा व्यवहार.

यातच एक बारकावा आहे, आणि तो टाळला तर पुढची यंत्रे का बांधली हे कळत नाही. दोन नव्या कणांच्या वस्तुमानासाठी सुमारे १.९ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरायला हवेत, मग सहाच्या आसपास का लागले? रस्त्यात उभ्या असलेल्या बैलगाडीला भरधाव एसटीने धडक दिली तर धडकेची सगळी शक्ती मोडतोडीत जात नाही. बरीचशी दोघांना पुढे फरपटत नेण्यात जाते. स्थिर लक्ष्यावर आदळणाऱ्या कणाचे असेच होते. परंतु दोन गाड्या समोरासमोर सारख्या वेगाने आल्या तर फरपट उरत नाही, सारी ऊर्जा त्या एका जागी मोकळी होते. म्हणून पुढे समोरासमोरचे झोत आदळवणारी यंत्रे आली. जिनिव्हाच्या यंत्राचा परीघ २७ किलोमीटर आहे, म्हणजे वर्तुळाचा व्यास साधारण सांगली आणि मिरज यांमधील अंतराएवढा. त्यात परस्परविरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या प्रोटॉनांच्या टकरीची ऊर्जा २०२२ मध्ये १३.६ लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत नेण्यात आली. (अर्थसंकल्पाच्या बातम्यांनी ‘लाख कोटी’ ही संख्या आपल्या अंगवळणी पाडली आहे, तिचा असाही उपयोग.) ऐकायला अवाढव्य वाटते, पण यातल्या एका प्रोटॉनची ऊर्जा उडणाऱ्या डासाच्या गतीच्या ऊर्जेइतकीच भरते. नवल आहे ते ही ऊर्जा एका प्रोटॉनच्या इवल्याशा जागेत कोंबली जाते याचे.

मराठीत ‘आवळा देऊन कोहळा काढणे’ असे आपण म्हणतो, आणि त्यात देणाऱ्याची लबाडी गृहीत असते. टकरीत आवळ्यातून कोहळा खरोखरच निघतो, आणि लबाडी मुळीच नसते. १९९५ साली शिकागोजवळच्या फर्मिलॅबमध्ये टॉप क्वार्क सापडला. या शोधात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही सहभागी होते. तिथे एका बाजूने प्रोटॉन आणि दुसऱ्या बाजूने प्रतिप्रोटॉन येत होता. टॉप क्वार्कचे वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १८४ पट आहे, म्हणजे जुन्या विजेच्या दिव्यातल्या टंगस्टनच्या एका अख्ख्या अणूएवढे. आणि तो बहुधा जोडीने येतो. ज्वारीचे दोन दाणे एकमेकांवर आपटावेत आणि मधून दोन टपोरे आवळे निघावेत, असे ते प्रमाण आहे. ते आवळे ज्वारीच्या दाण्यात दडलेले होते असे कोण म्हणेल? तरीही ‘प्रोटॉन फोडून आतला कण शोधला’ असे आपण बिनदिक्कत लिहितो.

‘फोडणे’ मराठीत आले कुठून, याचाही शोध घ्यायला हवा. ते एके काळी बरोबर होते. १९३२ साली केंब्रिजमध्ये कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी प्रोटॉनचा मारा करून लिथियमच्या अणुकेंद्रकाचे दोन तुकडे केले. १९३८-३९ मध्ये युरेनियमच्या केंद्रकाचे विखंडन उघडकीस आले, आणि १९४५ नंतर ‘अणू फोडणे’ हा प्रयोग जगातल्या सर्व भाषांप्रमाणे मराठीतही रुळला. केंद्रक प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचे बनलेले असते, ते खरोखर फुटते, आणि तुकड्यांत तेच प्रोटॉन-न्यूट्रॉन असतात. तिथे गुऱ्हाळाची उपमा चालते. पुढे ऊर्जा वाढत गेली, यंत्रे बदलली, घडणारी गोष्टच बदलली. क्रियापद मात्र १९३२ सालीच थांबून राहिले. शब्द जुना असण्याला आमची हरकत नाही. जुना शब्द नव्या जागी न तपासता नेऊन ठेवला की तो खोटे बोलू लागतो, ही आमची तक्रार आहे.

कोणी म्हणेल, प्रोटॉनच्या आत क्वार्क असतात, मग प्रोटॉन फोडून क्वार्क बाहेर काढतात असे म्हणायला काय हरकत? हरकत अशी की सुटा क्वार्क आजवर कोणाला बाहेर काढता आलेला नाही. क्वार्कांमधील बंध ताणलेल्या रबरासारखा आहे. दूर ओढावे तितकी त्यात ऊर्जा साठते, आणि तो तुटतो तेव्हा त्या साठलेल्या ऊर्जेतून नवा क्वार्क आणि प्रतिक्वार्क होऊन दोन्ही टोकांना जोडले जातात. एक दोरी तुटली की दोन टोके उरावीत तर इथे दोन पूर्ण दोऱ्या होतात. अभिज्ञातकात, म्हणजे टकरीभोवती उभारलेल्या त्या महाकाय नोंदयंत्रात, क्वार्क दिसत नाही. दिसतो तो एका दिशेने धावणारा कणांचा झोत, आणि त्यातील बहुतेक कण टकरीपूर्वी अस्तित्वात नव्हते.

आणि तरीही कोणाला ‘फोडणे’ सोडवत नसेल तर त्याच्यापुढे प्रकाश ठेवावा. प्रकाशकणाला, फोटॉनला, तुकडे नाहीत आणि स्थिर वस्तुमानही नाही. तो फोडणार कसा? पण दोन फोटॉन पुरेशा ऊर्जेने एकमेकांवर आदळले तर त्यातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची जोडी होऊ शकते, हे ब्राइट आणि व्हीलर यांनी १९३४ साली गणिताने दाखवले होते. २०२१ मध्ये अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेने सोन्याच्या केंद्रकांच्या निसटत्या भेटींत ही प्रक्रिया पाहिल्याचे जाहीर केले. उजेडावर उजेड आदळला आणि पदार्थ झाला.

इथेच आम्हांला रोहिणी गोडबोले यांचे नाव घ्यायचे आहे, आणि खरे तर हा लेख त्यांच्यासाठीच लिहायला घेतला. १२ नोव्हेंबर १९५२ रोजी पुण्यात जन्म, सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून पदवी, मग मुंबईचे आयआयटी, अमेरिकेत स्टोनी ब्रूक येथे १९७९ मध्ये डॉक्टरेट. परत आल्यावर टाटा संस्था, मुंबई विद्यापीठात अध्यापन आणि १९९५ पासून बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. त्यांचा आयुष्यभराचा विषय हाच होता : कण आदळतात तेव्हा काय होते. १९९१ साली त्यांनी जर्मन सहकारी मान्युएल ड्रीस यांच्याबरोबर एक गोष्ट दाखवून दिली. त्या काळी भविष्यातील यंत्रांची आखणी चालली होती. प्रोटॉनांची टक्कर फार गोंधळाची होते, कारण प्रोटॉनच्या पोटात क्वार्क आणि ग्लुऑन यांची दाटी असते. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या पोटात तसे काही नाही, म्हणून त्यांची टक्कर स्वच्छ, असा भरवसा होता. या दोघांनी विचारले की झोत अतिशय दाट आणि बारीक केले तर एका झोतातल्या इलेक्ट्रॉनांना समोरच्या झोताच्या क्षेत्रातून जाताना वळावे लागेल, आणि वळताना ते प्रकाश फेकतील. मग दोन्हीकडचे ते फोटॉनही एकमेकांवर आदळतील की नाही? फोटॉन क्षणमात्र क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांची जोडी होऊन वावरू शकतो, आणि त्या क्षणी तो आदळला तर प्रोटॉनासारखाच गोंधळ माजवतो. ज्या टकरीला आपण स्वच्छ समजत होतो तिच्यात हा नको असलेला पसारा किती होईल, याचा हिशेब त्यांनी मांडला. काही आराखड्यांत तो इतका भरत होता की हवी ती घटना त्यात हरवून जावी. पुढील आराखडे करताना हा हिशेब लक्षात घ्यावा लागला. अभ्यासकांत तो त्या दोघांच्या नावाने, ‘ड्रीस-गोडबोले परिणाम’ म्हणून ओळखला जातो.

पुण्यात वाढलेल्या एका मराठी बाईंनी उजेडाच्या टकरीविषयी जगाला नवे सांगितले. हे मराठीत कसे सांगायचे? ‘फोटॉन फोडला’ असे? वाक्य सुरू होण्यापूर्वीच मोडते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. आमच्या विभागांत रांगोळ्या काढल्या गेल्या, भाषणे झाली, आम्हीही बोललो. त्यानंतर २२ दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, पुण्यात गोडबोले यांचे निधन झाले. त्या दिवशी आम्ही दोघेही वर्गात होतो आणि दोघांनीही त्यांचे नाव घेतले नाही. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाल्याचे आम्हांला माहीत होते. भारतीय वैज्ञानिक स्त्रियांच्या आत्मकथनांचा ‘लीलावतीज डॉटर्स’ हा २००८ सालचा इंग्रजी संग्रह त्यांनी राम रामस्वामी यांच्यासह संपादित केला, हेही आमच्यातल्या एकाला माहीत होते, कारण तो स्त्री-आत्मचरित्रांच्या संदर्भात त्याने चाळला होता. पण त्यांनी नेमके काय केले हे सांगणारे एक मराठी वाक्य आमच्याजवळ नव्हते. अभिजात भाषेच्या दोन अध्यापकांजवळ नव्हते.

वाटेल की परिभाषेचा अभाव हे कारण असेल. तसे नाही. सातारा जिल्ह्यातच, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. १९७३ साली त्याचा परिभाषासंग्रहाचा खंड निघाला, १९७६ मध्ये पहिला खंड. ‘मूलकण’, ‘कणवेगवर्धक’, ‘विश्वकिरण’, ‘अभिज्ञातक’ ही नामे त्या पिढीने कष्टाने घडवली आणि रुजवली. आमचे म्हणणे असे की आपण सारा जीव नामांत ओतला. परिभाषासमित्या बसतात त्या नामांसाठी. वाद होतात ते ‘वस्तुमान’ की ‘द्रव्यमान’ असे. परंतु विज्ञान घडते ते क्रियापदात. कण काय करतो, टकरीत काय होते, हे कोणत्याही कोशाच्या नामसूचीत सापडत नाही. आणि क्रियापद शोधण्याचे काम भौतिकशास्त्रज्ञांचे नाही. ते गणित करून मोकळे होतात. ते आमचे काम होते.

दोन मोह मात्र टाळायला हवेत, आणि दोन्ही आमच्याच व्यवसायातले आहेत. पहिला ‘देवकण’. अमेरिकन शास्त्रज्ञ लिऑन लेडरमन यांच्या १९९३ सालच्या पुस्तकाच्या नावावरून हा शब्द जगभर गेला. लेडरमन यांनी गमतीने लिहून ठेवले आहे की हा कण इतका हुलकावण्या देत होता की खरे तर त्याला शिवी घालायची होती, प्रकाशकाने ती छापू दिली नसती. म्हणजे मूळ भावना मराठीत आणायची तर ‘देवकण’ नव्हे, ‘हा मेला कण’ असे म्हणायला हवे होते. आमच्या आज्या हा शब्द अचूक वापरत. एका ‘मेल्या’ऐवजी देव आला आणि पाठोपाठ प्रवचने आली. दुसरा मोह त्याहून घरचा आहे. सर्नच्या आवारात २००४ पासून भारताने दिलेली नटराजाची मूर्ती आहे, हे कळताच आमच्यासारख्यांची लेखणी तांडवाकडे, मग उपनिषदांकडे आणि मग पिंड-ब्रह्मांडाकडे वळते, आणि दोन प्रोटॉनांचे चार कसे झाले हे सांगायचे राहूनच जाते. मूर्ती सुंदर आहे. ती हिशेबाच्या जागी मात्र बसवू नये.

मग साहित्याच्या अभ्यासकाजवळ देण्यासारखे काहीच नाही का? एक आहे, आणि ते आम्हांला टकरीविषयी वाचतानाच सुचले. हिग्ज बोसॉन कोणी ‘पाहिलेला’ नाही. तो झाल्यावर सेकंदाच्या अब्जांशाच्या अब्जांशाहूनही कमी काळात नाहीसा होतो आणि त्याच्या जागी दुसरे कण येतात, क्वचित दोन फोटॉन. अब्जाहून अधिक टकरींत एखादीत तो होतो. त्या यंत्रात टकरीच सेकंदाला अब्जाच्या घरात होतात, आणि त्यातील बहुसंख्य नोंदी तत्क्षणी टाकून दिल्या जातात. उरलेल्या नोंदींतून दोन-दोन फोटॉन घेऊन त्यांच्या ऊर्जा आणि दिशा यांवरून जनक कणाचे वस्तुमान मांडतात. बहुतेक जोड्या असंबद्ध निघतात, त्यांचा आलेख सपाट उतरत जातो. फक्त १२५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास तो किंचित फुगतो. तो फुगवटा म्हणजे हिग्ज. हे वाचताना पाठचिकित्सा शिकलेल्या माणसाला ओळखीचे काही भेटल्यासारखे होते. विष्णू सीताराम सुखठणकर यांनी १९२५ पासून पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादन केले. मूळ संहिता कोणाच्या हाती नव्हती, कधी येणारही नव्हती. हाती होत्या तिच्या वंशज पोथ्या, काश्मीरपासून केरळापर्यंतच्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या. त्यांच्या साम्यभेदांवरून त्यांनी मागे न दिसणाऱ्या पाठाकडे वाट काढली. वंशजांवरून पूर्वजाचे अनुमान करायचे आणि अनुमानाची खात्री किती हेही नोंदवायचे, ही शिस्त दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की पोथ्या पुन्हा लिहवून घेता येत नाहीत, टक्कर उद्या पुन्हा करता येते. आम्हांला त्यांचा हेवा वाटतो तो इथे.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्याने २००८ साली आमच्या वर्गांत खरोखर भीती पसरवली होती. यंत्र सुरू झाले की पृथ्वी गिळणारे विवर होणार, असे वाहिन्यांनी रात्रंदिवस सांगितले. साताऱ्यातल्या एका विद्यार्थिनीने त्या दिवशी परीक्षेचा अर्ज भरायचा थांबवला होता, ‘उद्या राहिले तर भरू’ म्हणून. त्या दिवशी टक्कर व्हायचीच नव्हती, नुसता झोत फिरवला होता. नऊ दिवसांत यंत्रात बिघाड झाला आणि पहिल्या टकरी थेट नोव्हेंबर २००९ मध्ये झाल्या. पण खरी गोष्ट त्याहून सोपी आहे. अशा टकरी आपल्या डोक्यावर अखंड चालू आहेत. अवकाशातून येणारे प्रोटॉन आणि इतर केंद्रके वातावरणाच्या वरच्या थरात हवेच्या केंद्रकांवर आदळतात. त्यातील काहींची ऊर्जा जिनिव्हाच्या यंत्राला स्वप्नातही गाठता येणार नाही अशी असते. होमी भाभा आणि हाइटलर यांनी १९३७ साली समजावून दिले होते ते याच प्रकारच्या वर्षावाचे गणित. एका इलेक्ट्रॉनापासून फोटॉन, फोटॉनापासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी, त्या दोघांपासून पुन्हा फोटॉन, असे उतरत उतरत ऊर्जा संपेपर्यंत. वरच्या टकरींतून होणारे म्युऑन खालपर्यंत येतात. अजिंक्यताऱ्यावर सकाळी फिरायला गेलेल्याने तळहात आडवा धरला तर साधारण सेकंदाला एक म्युऑन त्यातून आरपार जातो. म्युऑनचे आयुष्य सरासरी २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशालाही साडेसहाशे मीटरच कापता येतात, आणि हे येतात सुमारे पंधरा किलोमीटरवरून. त्यांच्या वेगामुळे त्यांचे घड्याळ आपल्या दृष्टीने सावकाश चालते, म्हणून ते पोचतात. याच टकरींतून होणारे न्यूट्रिनो टाटा संस्थेच्या गटाने जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर नोंदवले होते. जे अब्जावधी वर्षे आकाशात घडत आले आहे, त्याने पृथ्वी गिळली जायची असती तर परीक्षेचा अर्ज छापलाच गेला नसता.

म्युऑनवरून आठवले. म्युऑन संपतो त्याला आपण ‘क्षय’ किंवा ‘ऱ्हास’ म्हणतो. हे नाम आहे, पण त्याच्या पोटात क्रियापद दडलेले आहे : झिजणे. म्युऑन झिजत नाही. नुकताच झालेला म्युऑन आणि तीन मायक्रोसेकंद जगलेला म्युऑन यांत तसूभर फरक नसतो, पुढच्या क्षणी संपण्याची शक्यता दोघांची सारखीच. आणि संपतो तेव्हा त्याच्या जागी एक इलेक्ट्रॉन आणि दोन न्यूट्रिनो येतात. तेही त्याच्या आत नव्हते.

तर मग कोणते क्रियापद? इथे आम्हां दोघांत एकमत नाही. सातारकराला ‘उपजणे’ हवे आहे. संतवाङ्मयापासून चालत आलेले, अकर्मक, म्हणजे करणाऱ्याची गरज नसलेले. ‘टकरीत कण उपजतो’ म्हटले की तो आधी होता असा ध्वनी निघत नाही. सांगलीकराला ‘निपजणे’ बरे वाटते. शेतकऱ्याच्या तोंडी ‘यंदा निपज किती?’ हा प्रश्न अजून जिवंत आहे, आणि कोणत्या टकरीत कोणता कण किती वेळा येतो हे मोजणे हेच तर या शास्त्रज्ञांचे रोजचे काम. त्यावर सातारकराचे म्हणणे असे की निपजेला बी लागते, म्हणजे पुन्हा ‘आत काहीतरी होते’ आलेच. भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांना हा वाद ऐकवला तेव्हा ते म्हणाले, “आम्ही वर्गात ‘प्रोड्यूस होतात’ म्हणतो आणि पुढे जातो. मुलांना ‘तयार होतात’ सांगितलंत तरी चालेल.” चालेल, हे खरे आहे. ‘तयार होणे’ साधे आहे आणि खोटे नाही. आम्ही आपापल्या शब्दांचा हट्ट मनात ठेवून फळ्यावर तेच लिहिले आहे.

‘टक्कर’ या शब्दाविषयीही सहकाऱ्यांनी शंका काढली. एडक्यांच्या टकरीत डोक्यावर डोके आपटते, कणांना असे आपटायला पृष्ठभागच नाही, ते एकमेकांच्या क्षेत्रात शिरतात. तो शब्द आम्ही तूर्त राहू दिला आहे. एका सत्रात एकच दुरुस्ती.

उत्तरपत्रिकांचे गुण आम्ही बदलले नाहीत. चूक शिकवणाऱ्यांची होती. कागद मात्र परत वाटले, पेन्सिलीच्या गोलांसह, आणि दोन प्रोटॉनांचे चार होण्याचा तो हिशेब फळ्यावर मांडून तीनशे शब्द पुन्हा लिहायला सांगितले. सांगलीच्या वर्गात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, नवीन दोन झाले, मग जुने दोन कोणते आणि नवे कोणते, ते ओळखायचे कसे?” आम्ही तो प्रश्न घेऊन पुन्हा प्राध्यापक-कक्षात गेलो. ओळखता येतच नाही, सहकारी म्हणाले. तीनही प्रोटॉन हुबेहूब एक असतात, त्यांतला जुना कोणता हा प्रश्नच निसर्गाला मान्य नाही. पुढच्या तासाला हे सांगायचे आहे. वाक्य अजून जुळलेले नाही.